सगळ्या रकान्यांत ‘हो’

तालुक्याच्या गावात तहसीलसमोर माझं महा ई-सेवा केंद्र आहे. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला रसवंती. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेअर, आयुष्मान कार्डाची केवायसी, आणि पीकविम्याचे दिवस असले की जेवायलाही उसंत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास फॉर्म भरतो. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येतो आणि काय लिहिलं की पुढे सरकतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि तरीही आजवरचा सगळ्यात चुकीचा फॉर्म मी माझ्याच बापाच्या उशाशी उभं राहून भरून दिला.

आप्पा 61 वर्षांचे. शुगर आठ-नऊ वर्षांची, गोळ्या मनात आलं तर. मार्च 2025 मध्ये शेतात उजव्या पायाच्या करंगळीत बाभळीचा काटा गेला. पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना काही कळलंच नाही. दोन दिवसांनी आईला चपलेत रक्त दिसलं. मग हळद, मग मेडिकलवरचं मलम, मग तालुक्याचे डॉक्टर. डॉक्टरांनी पट्टी सोडली, वास घेतला आणि न बोलता चिठ्ठी लिहायला घेतली. त्याच रात्री नव्वद किलोमीटरवरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात भरती केलं. चौथ्या दिवशी करंगळी काढली.

पैशाची बाजू मला अवघड गेली नाही, ते माझं रोजचंच काम. महात्मा फुले जनआरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून सगळ्याच रेशनकार्डांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. आमचं कार्ड केशरी. दारातल्या कक्षात आरोग्यमित्र बसलेला होता, त्याच्याकडे कागद दिले, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. शेजारच्या खाटांवरचे लोक माझ्याकडे सल्ला मागायला यायला लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं.

ऑपरेशननंतर एका दुपारी हातात कागदांचा गठ्ठा घेऊन दवाखान्याचा एक जण वॉर्डात शिरला. खाटेपाशी थांबायचा, उभ्या-उभ्या विचारायचा, टिकमार्क करायचा, पुढे जायचा. आमच्याकडे आला तेव्हा शेजारच्या खाटेपाशी, स्वतःच्या बापासोबत आलेला माणूस कान देऊन बसलेला. तो आमच्या शेजारच्या गावचा, त्याच्या पोराचा दाखला मीच काढून दिलेला.

घर स्वतःचं? हो. पक्कं? हो. लाइट? हो. संडास? हो. फ्रीज? हो. घरी करायला माणूस? हो. ड्रेसिंगला यायला जमेल? हो. खाण्यापिण्याची अडचण? नाही, देवाच्या दयेने काही नाही.

दोन मिनिटं लागली नसतील. गठ्ठेवाला पुढच्या खाटेकडे गेला. शेजारचा म्हणाला, “तुमचं बरंय राव.” मी नुसता हसलो.

यातलं सपशेल खोटं फार थोडं होतं, हीच त्यातली गंमत. घर पक्कं, म्हणजे भिंती विटांच्या, वर पत्रा. संडास आहे, 2017 मध्ये 12,000 रुपये अनुदान घेऊन बांधलेला, दारात आप्पांना उभं करून फोटो मीच अपलोड केला होता. फ्रीज आहे, पण तो तालुक्याला, माझ्या भाड्याच्या खोलीत, गावापासून अकरा किलोमीटरवर. करायला माणूस म्हणजे आई, ती 57 वर्षांची, अक्षरओळख नाही. माझ्या दुकानात लोक येतात ते कागदावर गरीब व्हायला. संजय गांधी निराधार योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात हल्ली निराधार माणूस तरी जगेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. लोक सांगतात, मी टाइप करतो. असा मी, शेजारच्या गावचा एक माणूस ऐकतोय म्हणून स्वतःला श्रीमंत करून बसलो.

बाराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. कार्डावर लिहिलं होतं: मिक्स इन्सुलिन सकाळी 18 युनिट, रात्री 10, एक दिवसाआड ड्रेसिंग, जखमेला माती-पाणी लागू देऊ नये. सिस्टरने घाईतच समजावलं, तिच्यामागे आणखी चार डिस्चार्ज ताटकळत होते. मी मान हलवली. आप्पांना गावी सोडलं, आईच्या हातात पिशवी दिली आणि दुसऱ्या दिवशी केंद्र उघडलं.

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पत्र्याखाली काय होतं, ते राहिलेल्यालाच ठाऊक. दुपारी पत्रा कडकड वाजतो. माणसं लिंबाखाली खाट टाकून पडतात. मी रविवारी जायचो, विचारायचो, “बरंय का?” आप्पा म्हणायचे, “हाये की. काय होतंय?” मे महिन्याच्या सुरुवातीला आईचा फोन आला. पाय सुजला, ताप आहे, आणि पट्टीतून पुन्हा तोच वास.

पुन्हा तोच दवाखाना. शुगर चारशेच्या वर. या वेळी रात्रपाळीला वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी विचारलं, “घरची इन्सुलिनची बाटली आणलीय?” आईने पिशवीतून काढून दिली. सिस्टरने ती दोन तळव्यांमध्ये धरून लाटण्यासारखी हळूहळू फिरवली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. मिक्स इन्सुलिन हलवल्यावर दुधासारखं एकजीव दिसायला हवं. त्या बाटलीत काचेला आतून पांढरे कण चिकटलेले होते, फाटलेल्या दुधाचे भांड्याला चिकटतात तसे. आप्पांनी किती दिवस नुसतं पाणी टोचून घेतलं होतं कोण जाणे.

सिस्टरने केस पेपरवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, “सकाळी चौदा नंबरला मॅडमकडे जा. तिघंही जा.”

चौदा नंबरच्या दारावर ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी. सगळे म्हणतात सोशल वर्कर मॅडम. आत एक टेबल, लोखंडी कपाट, भिंतीशी तीन-चार कुबड्या उभ्या केलेल्या, आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करणारी एक शिकाऊ मुलगी वही घेऊन बसलेली. मॅडमनी सगळ्यांत आधी काय केलं, तर दार लोटून घेतलं. मार्चमधला माझा फॉर्म त्यांच्यासमोर होता. सगळ्या रकान्यांत ‘हो’. मी तयारीतच होतो, आता बोलणी बसणार.

त्यांनी तो फॉर्म उलटा करून ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. आप्पांची चाकाची खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “आप्पा, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय करता, ते सांगा बरं. घाई नाही.”

आप्पांना असं कुणी विचारलेलं नव्हतं. ते खुलले. “उठतो दिस उगायच्या आधी. तंबाखू मळतो. टमरेल घेतो आन् वड्याकडं जातो...”

“ओढ्याकडे? घरी संडास आहे ना?”

“हाये की.”

“वापरता का?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुबड्यांकडे. आई म्हणाली, “त्याच्यात पऱ्हाट्या भरल्यात बाई. पावसाळ्यात चुलीला लागत्यात.”

पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं. मी वाट बघत होतो, आता हसतील. हसल्या नाहीत. फक्त विचारलं, “आणि समजा रिकामा केला, तर या पायाने आप्पांना उकिडवं बसता येईल का?” हा प्रश्न मला सुचला नसता. डॉक्टरांनी लिहिलं होतं, माती-पाणी लागू देऊ नये. आप्पा रोज पहाटे ओली पट्टी घेऊन ओढ्याच्या चिखलातून जाऊन येत होते, आणि दिवसभर सांगितल्याप्रमाणे पाय उशीवर ठेवून पडून राहत होते.

पुढे सुईची गोष्ट निघाली. सुई द्यायची शेजारची बारावीतली पोरगी. आईला सिरिंजवरचे आकडे वाचता येत नाहीत. सुट्टीत पोरगी मामाच्या गावाला गेली. मधले सहा दिवस सुई नाही. नंतर गावातला एक कंपाउंडर वीस रुपये घेऊन यायचा, पण त्याच्या सवडीने, कधी आप्पांचं जेवण झाल्यावर दोन तासांनी.

“आणि बाटली कुठे ठेवायचात आई?”

आईने पदर सावरला. “देव्हाऱ्यात. चांगल्या जागी. दिव्याशेजारी.”

शिकाऊ मुलगी लिहायची थांबली. आईच्या दृष्टीने ते घरातलं सगळ्यात जपायचं औषध. मग ते जपायच्या जागीच राहणार. तिला कुणी ‘थंड जागी’ म्हणजे काय हे सांगितलंच नव्हतं. फॉर्मवर तर फ्रीज होता.

ड्रेसिंगचंही तसंच. एक दिवसाआड शहरात यायचं म्हणजे आप्पांचं एसटीचं पूर्ण तिकीट, कारण अर्धं पासष्टीनंतर. आईचं बायकांच्या सवलतीत अर्धं. वर स्टँडपासून रिक्षा. येऊन-जाऊन सहाशेच्या घरात आणि अख्खा दिवस. ते आठवड्यातून एकदा आले, नंतर तेही नाही. मला सांगितलं नाही, कारण मी पैसे देईन आणि माझ्या डोक्यावर आधीच दुकानाचा हप्ता आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणजे मी शेजाऱ्यापासून लपवलं आणि त्यांनी माझ्यापासून.

तास गेला असेल. शेवटी मॅडमनी नवा कोरा फॉर्म काढला. मी चाचरत म्हणालो, “मॅडम, मागच्या वेळी मी...” त्यांनी हात वर केला. “भरल्या वॉर्डात, उभ्या-उभ्या विचारल्यावर कोण सांगेल दादा? आमच्याकडे माणसं कमी. चूक आमचीही आहे.” एवढंच. मी दुकानात अर्ज परत करताना लोकांना काय काय बोलतो, ते मला त्या क्षणी आठवलं.

चहा मागवला होता, तो येईपर्यंत मी विचारलं, दवाखान्यात हे संडास, फ्रीज वगैरे कशाला विचारतात, पहिल्यांदाच बघतोय. त्या म्हणाल्या, नवीन नाही हे. मुंबईच्या जे. जे. मध्ये 1946 साली पहिल्यांदा असा माणूस नेमला, देशातला पहिला. शिकाऊ मुलीने मध्येच सांगितलं, की अमेरिकेत मोठ्या दवाखान्यांना 2024 मध्ये भरती होणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाच गोष्टी विचारायचं बंधन होतं: खायला आहे का, राहायला घर आहे का, यायला-जायला साधन आहे का, वीज-पाण्याचं बिल भरता येतं का, आणि घरात कुणाची मारहाण-भीती आहे का. आप्पा म्हणाले, “आन् तिथं पऱ्हाट्या?” तेव्हा मात्र सगळे हसले, मॅडमसुद्धा.

मला वाटलं होतं, आता त्या योजनांची यादी काढतील. योजना मलाच जास्त माहीत होत्या, उलट दोनदा त्यांनीच मला विचारलं, श्रावणबाळच्या पेन्शनला वय किती लागतं वगैरे. (65. आप्पा बसत नाहीत.) त्यांचं काम वेगळंच चाललं होतं. त्यांनी आईला विचारलं, “गावातून आरोग्य केंद्राच्या गावाला रोज सकाळी कोण जातं?” आई म्हणाली, डेअरीला दूध घालायला आमच्या भावकीतलाच एक जण मोटारसायकलवर जातो. चार किलोमीटर. मॅडमनी तिथल्या तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, आप्पांचं नाव सांगितलं, ड्रेसिंग कसं करायचं ते इथल्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन पत्र दिलं. सहाशे रुपयांचा प्रश्न दुधाच्या कॅनशेजारी बसून सुटला. इतकी वर्षं मी सरकारी पोर्टलवर बसतोय, पण कुठल्याही अर्जात ‘तिकडे रोज कोण जातं’ असा रकाना मी पाहिलेला नाही.

एका देणगीदाराकडून त्यांनी दोन गोष्टी मिळवून दिल्या. मध्ये भोक असलेली लोखंडी खुर्ची, संडासावर ठेवायची, आणि एमसीआर चप्पल. ही चप्पल मऊ रबराची, मागे पट्टा असलेली, अंगठा अडकवायची नाही, त्यामुळे पाय बधिर असला तरी निसटत नाही. आप्पांना ती आवडली नाही. “महारोग्याची दिसती,” म्हणाले. गावात कुष्ठरोग्यांना सरकारी दवाखान्यातून अशाच चपला मिळायच्या, ते त्यांच्या डोक्यात. मॅडमनी समजूत घातली नाही. वॉर्डातल्या एका निवृत्त मास्तरांना बोलावलं, त्यांच्याही पायात तीच होती. मास्तरांची चप्पल बघून आप्पा गप्प झाले.

सगळं काही सुटलं असं नाही. ‘कर्ज’ या रकान्यावर आल्या तेव्हा आप्पांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर आकडा सांगितला. 60,000, खासगी, शेकडा तीन रुपये महिना. मी उडालोच. मॅडम पेन थांबवून म्हणाल्या, “याचं माझ्याकडे काही नाही दादा. पण लिहून ठेवते.” मला तेव्हा राग आला होता. ज्याचं उत्तर नाही ते विचारायचं कशाला? अजूनही मला यावर नीट उत्तर मिळालेलं नाही. एवढं मात्र झालं, की तो आकडा आता आमच्या घरात तिघांना माहीत आहे आणि मी महिन्याला काहीतरी फेडतो.

दुसऱ्या खेपेला एकोणीस दिवस राहिलो. मार्चमध्ये मी लॉजवर झोपायचो आणि हॉटेलात जेवायचो, रुबाब म्हणून. या वेळी वऱ्हांड्यात चटईवर झोपलो आणि फाटकाबाहेर 10 रुपयांची शिवभोजन थाळी खाल्ली. तिथे रांगेत तोच शेजारच्या गावचा माणूस भेटला, त्याच्याही बापाला पुन्हा आणलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर मीच म्हणालो, चौदा नंबरला एक मॅडम आहेत, जाऊन या. आणि दार लावायला सांगा.

डिस्चार्जच्या आधी तीन दिवस आई सिस्टरांकडे सुई शिकली. पहिले दोन दिवस संत्र्यावर. आकड्यांचा प्रश्न असा सोडवला, की लाल टोपणाच्या 40 वाल्या सिरिंजवर 18 च्या रेघेला निळी खूण आणि 10 च्या रेघेला काळी. निळी उजाडल्यावर, काळी दिवेलागणीला. खुणा मी करायच्या. आता दर रविवारी गावी गेलो की मी ओसरीत बसून चौदा सिरिंजांवर रेघा मारतो. हात कापतो. दाखल्यावर आकडा टाकताना कधी कापला नव्हता.

घरी आलो त्या दिवशी मी आणि मेहुण्याने संडासातल्या पऱ्हाट्या बाहेर काढल्या. दोन बैलगाड्या भरतील एवढ्या. आतून एक धामण निघाली, तिची वेगळी पळापळ. खुर्ची बसवली. आप्पा आठवडाभर ओढ्याकडेच बघत होते, नंतर सवय झाली.

फ्रीज गावी आणायचं मी म्हणालो, पण लाइट दिवसातून सहा-सहा तास जाते, तर तो आणून कपाट करणार का, असं मॅडमनी आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलेली युक्ती वेगळी होती. कुंभाराकडून भाजलेली, पण पाझरणारी दोन मडकी आणायची. मोठ्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून आत ठेवायची, वर ओलं फडकं. तेवढ्याने दुपारच्या झळांतही आतलं मडकं हाताला गार लागतं. न उघडलेल्या बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये, एकेक करून नेतो.

आईने ती मडकी देव्हाऱ्याच्या खालीच मांडली आहेत. सकाळी देवाला पाणी घातलं की उरलेलं वाळूत. परवा गेलो तर आत दोन डब्या. गल्लीतल्या एका काकूंना शुगर निघाली, त्यांचीही बाटली आई आपल्याकडेच ठेवते. अदलाबदल होऊ नये म्हणून आप्पांच्या डबीला तिने लाल दोरा बांधलाय. मी म्हणालो, चिठ्ठी लावून नाव लिहून देतो. ती म्हणाली, “नगं. दोरा वाचता येतो मला.”